तळणीचं तेल कुठे जातं?



गेल्या महिन्यात या सदरात इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीबद्दल लिहिलं, त्यावर आपल्यापैकीच एका वाचकाने विचारलं, "माझी गाडी डिझेलची आहे. नवी घ्यायचा विचार इतक्यात नाही. बायोडिझेल वापरलं तर खरंच काही फायदा होतो का, की नुसतंच नाव?"

उत्तर दोन ओळींत देता आलं असतं. पण या विषयाशी माझं जुनं भांडण आहे, आणि यंदाच्या दिवाळीत ते आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आलं. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

आधी जुनं भांडण. आज मी दिवसभर कोड लिहितो, पण माझी बी.ई. मेकॅनिकलची. शेवटच्या वर्षी आम्ही चौघांनी प्रोजेक्ट घेतला, वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल. तेलाचा प्रश्नच नव्हता. आमचे काका इंदूरलाच रामबागेत फराळाच्या ऑर्डरी घेतात. त्यांच्याकडून दिवाळीनंतरचं पाच लिटर तेल आणलं, पुस्तकात होतं तसं मेथॅनॉल आणि कॉस्टिक सोडा मोजून घातला, तास-दीड तास गरम करून ढवळलं आणि रात्रभर ठेवून दिलं. सकाळी भांड्यात वर पिवळं बायोडिझेल आणि खाली ग्लिसरीन असे दोन थर दिसायला हवे होते. दिसला तो घट्ट, बुळबुळीत लगदा. आमच्यातला एक जण तो बोटावर चोळून म्हणाला, "अरे, हा तर साबण आहे!"

साबणच होता. का झाला ते पुढे सांगतो, कारण त्या लगद्यातच आजच्या गोष्टीचं मर्म आहे.

पण बायोडिझेल म्हणजे नक्की काय? बरेच जण देवगुराडियाच्या प्लांटशी त्याची गल्लत करतात. तिथे शहराच्या ओल्या कचऱ्यापासून गॅस बनतो, बायो-सीएनजी. रोज ५५० टन कचरा घेण्याची क्षमता असलेला तो प्लांट २०२२ मध्ये सुरू झाला. बायोडिझेलची गोष्ट वेगळी आहे. ते द्रवरूप इंधन आहे आणि ते तेलापासून किंवा चरबीपासून बनतं.

खाद्यतेलावर इंजिन चालवण्याची कल्पना डिझेल इंजिनाइतकीच जुनी आहे. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. ते इतकं व्यवस्थित चाललं की तेल बदललंय हे फारच थोड्या लोकांच्या लक्षात आलं, असं खुद्द रुडॉल्फ डिझेलने पुढे १९१२ मध्ये सांगितलं.

मग आज सरळ तेलाचा डबा टाकीत ओतला तर? कृपा करून ओतू नका. खाद्यतेल डिझेलपेक्षा साधारण दहापट घट्ट असतं. आजच्या इंजिनात इंधन अतिशय बारीक छिद्रांतून फवारलं जातं. घट्ट तेलाचा फवारा नीट होत नाही, ते अर्धवट जळतं आणि काजळी साचून इंजिन खराब होतं.

म्हणून तेल पातळ करावं लागतं. तेलाच्या प्रत्येक रेणूत ग्लिसरीनच्या एका कण्याला फॅटी अॅसिडच्या तीन लांब साखळ्या जोडलेल्या असतात. मेथॅनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा किंवा कॉस्टिक पोटॅश घालून गरम केलं की या साखळ्या सुटतात आणि मेथॅनॉलला जोडल्या जातात. या सुट्या साखळ्या म्हणजेच बायोडिझेल. ढोबळ हिशेब असा, की १०० किलो तेल आणि १० ते ११ किलो मेथॅनॉल घेतलं तर जवळजवळ १०० किलो बायोडिझेल आणि १० किलोच्या आसपास ग्लिसरीन मिळतं. बायोडिझेलचा घट्टपणा जवळजवळ साध्या डिझेलइतकाच येतो.

आता आमच्या साबणाचं कोडं. तेल पुन्हा पुन्हा तापलं, त्यात पदार्थांचं पाणी उतरलं, की त्यातल्या काही साखळ्या आधीच सुटून मोकळ्या होतात. त्यांना म्हणतात मोकळी फॅटी अॅसिड्स. ती कॉस्टिक सोड्याला भेटली की साबण बनतो. कारखान्यात अशा तेलावर आधी आम्लाची प्रक्रिया करतात. आम्हाला ते ठाऊक नव्हतं, म्हणून आम्ही साबण केला आणि तोंडी परीक्षेत बोलणी खाल्ली. पण तो साबण एक गोष्ट सांगत होता, ती तेव्हा माझ्या डोक्यात शिरली नाही. तेल खराब झालेलं होतं. खाण्यालायक राहिलेलं नव्हतं.

आता वाचकांच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. फायदे खरे आहेत का? आहेत.

पहिला फायदा धुराचा. बायोडिझेलच्या रेणूतच सुमारे १० ते ११ टक्के ऑक्सिजन असतो, त्यामुळे ज्वलन जास्त पूर्ण होतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००२ मध्ये अनेक चाचण्यांचे आकडे एकत्र केले होते. २० टक्के बायोडिझेल मिसळलेल्या इंधनात धुरातले सूक्ष्म कण सुमारे १० टक्के, कार्बन मोनॉक्साइड ११ टक्के आणि न जळलेले हायड्रोकार्बन २१ टक्के कमी आढळले. पूर्ण बायोडिझेलवर कण आणि कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ निम्म्यावर आले. हे आकडे जुन्या, मोठ्या इंजिनांचे आहेत. बीएस-६ गाड्यांत धूर गाळणारी यंत्रणा मुळातच असते, तिथे इतका फरक दिसणार नाही. पण आपल्या रस्त्यांवर जुने ट्रक आणि बस अजून भरपूर आहेत, आणि लग्नाच्या मांडवामागे धडधडणारे जनरेटरही आहेत.

दुसरा फायदा वंगणाचा. डिझेलमधलं गंधक काढून टाकलं की त्याचा वंगणाचा गुणही कमी होतो. एक-दोन टक्के बायोडिझेल मिसळलं तरी तो बराच भरून येतो आणि पंपाची झीज कमी होते.

तिसरा फायदा सुरक्षिततेचा. साधं डिझेल साठ अंशांच्या आसपास तापलं की त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते. शुद्ध बायोडिझेलसाठी तापमान शंभर अंशांच्या वर जावं लागतं. साठवायला आणि वाहून न्यायला ते कमी धोक्याचं. शिवाय सांडलं तर मातीत लवकर विघटित होतं.

चौथा फायदा कार्बनचा. जमिनीखालून काढलेलं डिझेल जाळलं की लाखो वर्षं गाडलेला कार्बन हवेत येतो. तेलबियांमधला कार्बन मात्र त्या रोपाने एक-दोन वर्षांपूर्वीच हवेतून घेतलेला असतो. वापरलेल्या तेलाच्या बायोडिझेलमुळे हरितगृह वायूंमध्ये सुमारे ८४ टक्के बचत होते असं युरोपीय संघाच्या नियमांत धरलं जातं, आणि हा आकडा गोळा करण्याचा, प्रक्रियेचा खर्च धरूनचा आहे.

तोटेही सांगायला हवेत. एका लिटरमधली ऊर्जा डिझेलपेक्षा सुमारे ८ टक्के कमी असते, त्यामुळे पूर्ण बायोडिझेलवर मायलेज थोडं घटतं. नायट्रोजन ऑक्साइड किंचित वाढू शकतात. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप मऊ पडतात. टाकीत वर्षानुवर्षं साचलेला मळ बायोडिझेल सोडवतं, त्यामुळे सुरुवातीला फिल्टर तुंबतो. ते पाणी धरून ठेवतं, सहा महिन्यांपेक्षा जास्त साठवू नये. आणि थंडीत ते गोठायला लागतं, पामतेलाचं तर १२-१५ अंशांवरच. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटे पारा त्याच्या खाली उतरतो, हे तुम्हाला माहीतच आहे.

तेव्हा प्रश्न विचारणाऱ्या वाचकांना माझं उत्तर असं. डिझेलच्या भारतीय मानकातच ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेलला मुभा आहे, म्हणून तेल कंपनीच्या पंपावर मिश्रित डिझेल मिळालं तर बिनधास्त भरा. त्यापेक्षा जास्त प्रमाण असेल तर गाडीचं पुस्तक बघितल्याशिवाय भरू नका. आणि रस्त्याकडेला बायोडिझेलची पाटी लावून कुणी स्वस्तात काही विकत असेल तर गाडी थांबवूच नका. त्या नावाखाली दुसरीच औद्योगिक तेलं विकल्याची प्रकरणं देशात बरीच पकडली गेली आहेत.

इथे लेख संपवता आला असता. पण फायद्यांची ही यादी एका अटीवर उभी आहे. बायोडिझेल किती चांगलं हे ते कोणत्या तेलापासून बनलं यावर ठरतं.

आपल्या देशाने आधी शेतातून तेल काढायचा प्रयत्न केला. रतनजोत आठवते? मराठीत मोगली एरंड. वीसेक वर्षांपूर्वी पडीक जमिनीवर ती लावा, पाणी नको, खत नको, डिझेल पिकेल असं सांगितलं जायचं. २००९ च्या जैवइंधन धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट होतं. पण पाण्याखतावाचून झाड जगलं तरी बिया पुरेशा आल्या नाहीत, आणि शेतकऱ्यांनी नाद सोडला. पुढे २०१८ च्या धोरणात उद्दिष्ट २०३० पर्यंत ५ टक्क्यांवर आलं. प्रत्यक्षात आपण अजून एक टक्क्याच्याही खाली आहोत.

मग ताजं सोयाबीन तेल? आपण माळव्यातले, सोयाबीन आपल्या दारात. पण देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त आपण बाहेरून आणतो. जे ताटात कमी पडतं ते टाकीत कसं ओतणार? इंडोनेशिया पामतेलापासून मोठ्या प्रमाणावर बायोडिझेल करतो, पण पामच्या मळ्यांसाठी तिथली जंगलं किती तुटली हा वाद जगभर चालू आहे. जंगल तोडून केलेलं इंधन हिरवं म्हणायला जीभ रेटत नाही.

उरलं ते उरलेलंच तेल, कढईतलं. त्याच्यासाठी ना शेत लागतं ना पाणी. ते तयारच आहे. आणि आता आमच्या काकांची गोष्ट.

काकांकडे दिवाळीच्या पंधरा दिवसांत दोन मोठ्या कढया सकाळी सातपासून चालतात. चकली, शेव, कडबोळी, शंकरपाळे, अनारसे. काकू सोऱ्या फिरवते, काका झारा धरतात. तेलाच्या बाबतीत ते चोख आहेत. रोज गाळतात, काळं पडायला लागलं की वेगळ्या पिंपात काढतात. "आपल्या गिऱ्हाइकाच्या पोटात जुनं तेल जायचं नाही," हा त्यांचा नियम. दिवाळी संपते तेव्हा पिंपात साठेक लिटर तेल जमलेलं असतं.

ते तेल घ्यायला दरवर्षी एक माणूस लोडिंग रिक्षा घेऊन येतो. यंदा भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आला तेव्हा मी तिथेच चहा पीत बसलो होतो. साठ रुपये लिटर, रोख. मी सहज विचारलं, "भैया, इसका क्या करते हो?"

तो हसून म्हणाला, "ठेले वालों को देते हैं साहब. भंवरकुआं की तरफ, कोचिंग वाली गलियों में. छनाई करके बढ़िया चलता है."

मी चहाचा कप खाली ठेवला. त्या गल्ल्यांमध्ये मी चार वर्षं संध्याकाळी कचोरी खाल्ली आहे. घरून पैसे मोजके यायचे, आणि दहा रुपयांत पोट भरायचं. आज तिथे माझ्यासारखीच मुलं आहेत, देवासची, धारची, खरगोनची. काकांच्या गिऱ्हाइकाच्या पोटात न जाणारं तेल त्यांच्या पोटात जात होतं.

मी काकांना बाजूला घेऊन सांगितलं. ते वैतागले. "अरे, तेलात काय विष आहे का? माझं तेल सोन्यासारखं असतं. आणि तो गरीब ठेलेवाला नवं तेल कुठून आणेल?" दुसरा मुद्दा खोटा नव्हता. मला पटकन उत्तर सुचलं नाही. एवढंच म्हणालो, "काका, दोन दिवस थांबा. मी दुसरा माणूस आणतो." रिक्षावाला कुरकुरत गेला.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, १ जुलै २०१८ पासून नियम केला आहे की तळणाच्या तेलात 'टोटल पोलर कंपाउंड्स' २५ टक्क्यांपेक्षा जास्त झाली तर ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही. तेल वारंवार तापल्यावर त्यात तयार होणाऱ्या संयुगांचं ते माप. अशा तेलाचा संबंध रक्तदाब, धमन्या कडक होणं, यकृताचे विकार यांच्याशी जोडला जातो. त्याच वर्षी १० ऑगस्टला, जागतिक जैवइंधन दिनी, 'रुको' नावाचा उपक्रम सुरू झाला, वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्यासाठी. रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांना त्याची नोंद ठेवून ते अधिकृत गोळा करणाऱ्यालाच द्यावं लागतं. पण आमचे काका रोजचे ५० लिटरवाले नाहीत. नोंदीचा नियम त्यांना विचारत नाही. असे काका आपल्या शहरात किती असतील, मोजा.

अधिकृत गोळा करणारा मुलगा तिसऱ्या दिवशी आला. त्याच्याकडे थर्मामीटरसारखं एक छोटं यंत्र होतं. पिंपातलं तेल थोडं गरम करून त्याने ते त्यात बुडवलं आणि आकडा काकांपुढे धरला, २८.

"म्हणजे?" काकांनी विचारलं.

"पच्चीस के ऊपर खाने का नहीं है, अंकल."

काका बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. मग विचारलं, "भाव काय?" त्याने पंचेचाळीस सांगितला. म्हणजे साठ लिटरमागे नऊशे रुपयांचं नुकसान. काकू आतून म्हणाली, "द्या हो त्याला. नऊशे रुपयांत आपण काही महाल बांधत नाही."

काकांनी तेल दिलं आणि पावती घेतली. मग मला म्हणाले, "हे यंत्र केवढ्याला मिळतं रे?" पुढच्या दिवाळीला तेल कधी काढायचं ते त्यांना डोळ्यांवर सोडायचं नाहीये. त्यांचा ठेलेवाल्याचा प्रश्न मात्र तसाच आहे. स्वस्त तेलाची वाट बंद झाली तर कचोरी दोन रुपयांनी महाग होईल, आणि ते दोन रुपये त्या मुलांच्याच खिशातून जातील. मला तरी ते यकृतातून जाण्यापेक्षा बरं वाटतं. पण हे बोलणं माझ्या पगारावर सोपं आहे, हेही मला कळतं.

त्या साठ लिटरचा हिशेब मी मांडला. गाळण आणि घट वजा जाता ५५ लिटरच्या आसपास बायोडिझेल, म्हणजे ५० लिटर डिझेलची जागा. कार्बन डायऑक्साइडची बचत ढोबळमानाने सव्वाशे किलोच्या वर. एका घराच्या दिवाळीतून एवढं वाईट नाही.

देशाचा हिशेब मात्र जमिनीवर आणणारा आहे. २०१९ मध्ये सरकारने सांगितलं होतं, की हॉटेलं, कँटीन अशा मोठ्या ठिकाणांहून वर्षाला १४० कोटी लिटर वापरलेलं तेल गोळा होऊ शकतं आणि त्यापासून ११० कोटी लिटर बायोडिझेल बनेल. आपला देश वर्षाला सुमारे नऊ कोटी टन डिझेल जाळतो, म्हणजे दहा हजार कोटी लिटरच्या वर. भागाकार करा. फक्त एक टक्का.

तेव्हा बायोडिझेल डिझेलची सुट्टी करेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण हा एक टक्का मला महत्त्वाचा वाटतो. कारण या तेलाला टाकीत जागा मिळाली नाही तर ते दोनच ठिकाणी जातं, पोटात किंवा गटारात. गटारात काय होतं ते लंडनने २०१७ मध्ये पाहिलं. व्हाइटचॅपल भागात चरबी आणि कचऱ्याचा २५० मीटर लांब, १३० टनांचा गोळा जमिनीखाली सापडला. तो फोडायला अनेक आठवडे लागले, आणि त्यातल्या काही भागाचं शेवटी बायोडिझेलच केलं.

आपण काय करू शकतो? घरचं तळणीचं तेल सिंकमध्ये ओतू नका. गार झालं की गाळून जुन्या बाटलीत भरा. घरी फराळाच्या, केटरिंगच्या ऑर्डरी घेत असाल तर तेल नेणाऱ्याला एकदा विचाराच, "कुठे नेता?" अधिकृत असेल तर तो पावती देईल.

आणि आपल्या मंडळाला एक विनंती. एकट्या घराचं लिटर-दोन लिटर तेल न्यायला कुणी येत नाही, पण पन्नास घरांचं एकत्र असेल तर येतं. ओला आणि सुका कचरा वेगळा करायला आपण सगळे शिकलोच आहोत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सभागृहाच्या दाराशी एक मोठा कॅन ठेवू या का? वाण घ्यायला येताना प्रत्येकीने एक बाटली आणायची. कॅन आणि गाळणी मी आणतो. काकांनी पिंप द्यायचं कबूल केलंय.

ज्यांना जमेल त्यांनी मंडळाच्या कार्यालयात नाव द्या. पुढच्या महिन्यात किती लिटर जमलं ते इथेच सांगेन, आकडा लहान असला तरी.